युद्धाविरुद्ध शिक्का कुठे मारायचा?

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले: १९६८ साली अमेरिकन मतदाराला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मत देण्याची सोयच ठेवलेली नव्हती. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. लांब पत्रं मी कापली आहेत, रागावू नये. शाळेत असतानाही मी उत्तरपत्रिकेतला पाल्हाळ वाचत नसे.

बाई, तुमचं ते वाक्य पटलं नाही. दोन मोठे पक्ष, शिवाय तिसरा उमेदवार, आणि तरी म्हणे मत देता येत नव्हतं! शिकागोत त्या वर्षी नेमकं काय झालं तेही सांगा. माझा मुलगा तिकडे शिकतो. तो म्हणतो, लोक अजून त्यावरून भांडतात.
– निवृत्त बँक कर्मचारी, डिचोली

तुम्हाला पटावं म्हणून आधी ते वर्ष नीट सांगते.

१९६८च्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. सरकार सांगत होतं की शत्रू (म्हणजे कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनाम आणि त्याचे दक्षिणेतले साथीदार) मोडत आलाय, शेवट दिसू लागलाय. जानेवारी सरता सरता ‘तेत’ या त्यांच्या नववर्षाच्या सणात दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभराहून जास्त शहरां-गावांवर एका झटक्यात हल्ले झाले. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातसुद्धा हल्लेखोर शिरले. लष्करी हिशेबाने तो हल्ला फसला. पण घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला लष्करी हिशेब कळत नाही. मोडलेला शत्रू वकिलातीच्या आवारात शिरतो कसा, एवढंच त्याला कळतं.

युजीन मॅकार्थी नावाचा मिनेसोटाचा एक सिनेटर होता. (कम्युनिस्ट शोधत फिरणारा तो जोसेफ मॅकार्थी वेगळा, हा कविता करायचा.) तो स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध युद्धाच्या मुद्द्यावर उभा राहिला. १२ मार्चला न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनाच विचारणाऱ्या निवडणुकीत, जॉन्सनना ४९ टक्के मतं पडली आणि मॅकार्थीला ४२. म्हणजे जिंकले जॉन्सनच, पण गादीवरच्या माणसाची लाज गेली. चार दिवसांत रॉबर्ट केनेडीही उतरला. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सननी टीव्हीवर युद्धाविषयी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी सांगून टाकलं की मी उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी घेणार नाही.

इथवर सगळं कसं लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकासारखं चाललं होतं. मग ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शंभरावर शहरांत जाळपोळ झाली, वॉशिंग्टनमध्ये लष्कर उतरवावं लागलं. ५ जूनला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याचं भाषण आटोपून निघालेल्या केनेडीला लॉस एंजेलिसच्या हॉटेलात गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता तुमच्या आक्षेपाकडे येते. प्रायमरीत पडलेली बहुतेक मतं मॅकार्थी आणि केनेडी या दोघांना होती, आणि दोघेही युद्धाचे टीकाकार. मग उमेदवारी कोणाला मिळाली? जॉन्सन यांचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. तेव्हा प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत. बाकीकडचे प्रतिनिधी पक्षाचे स्थानिक पुढारी आपापसात ठरवून पाठवत. तिकीट वरून येतं म्हणजे काय, हे गोव्यातल्या कार्यकर्त्याला मी वेगळं समजावायला नको.

हे तिकीट जिथे जाहीर व्हायचं ते अधिवेशन म्हणजे तुमच्या मुलाचं शिकागो, २६ ते २९ ऑगस्ट. महापौर रिचर्ड डेली हे जुन्या वळणाचे शहरसम्राट. त्यांनी जवळपास १२,००० पोलीस तैनात केले, वर नॅशनल गार्डचे हजारो जवान. निदर्शकांपेक्षा बंदोबस्तच मोठा. मोर्चाचे बहुतेक परवाने नाकारले. निदर्शकांतही सगळे गंभीर होते असं नाही. ‘यिप्पी’ म्हणवणाऱ्या एका टोळक्याने जिवंत डुकराला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. पोलिसांनी डुकरासकट त्यांना उचललं.

२८ तारखेला दुपारी सभागृहात युद्ध थांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं. बाजूने १,०४१¼, विरोधात १,५६७¾. (होय, पाव आणि पाऊण मतं. काही राज्यांनी आपल्या वाट्याची मतं जास्त माणसांत वाटून घेतली होती.) संध्याकाळी हिल्टन हॉटेलसमोर मिशिगन अव्हेन्यूवर पोलीस निदर्शकांवर तुटून पडले. वार्ताहर, बघे, रस्त्याने जाणारे, जो समोर आला त्याला चोप. अश्रुधूर हॉटेलात शिरला. हे सगळं टीव्हीच्या दिव्यांखाली. आत सिनेटर रिबिकॉफ यांनी व्यासपीठावरून या प्रकाराला ‘गेस्टापोचे (हिटलरच्या गुप्त पोलिसांचे) डावपेच’ म्हटलं आणि समोर बसलेले डेली त्यांच्यावर ओरडताना कॅमेऱ्यात सापडले. पुढे चौकशी अहवालानेही या प्रकाराला पोलिसांनीच केलेली दंगल म्हटलं.

मात्र जनमत चाचण्या घेतल्या तेव्हा बहुसंख्य अमेरिकनांनी पोलिसांची बाजू घेतली. माझ्या मते त्या आठवड्यातली खरी बातमी ही. युद्धाला कंटाळलेला माणूस युद्धाविरुद्ध ओरडणाऱ्या पोरांना त्याहून जास्त कंटाळला होता. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही राग होते.

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर मग कोण उरलं? हम्फ्री उरले, पण जॉन्सनविरुद्ध बोलायला ते ३० सप्टेंबरपर्यंत धजावले नाहीत. रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन होते. ते सन्मानाची शांतता आणू म्हणाले, कशी ते सांगितलं नाही. (‘गुप्त योजना’ हे शब्द त्यांचे नव्हेत, ते वार्ताहरांनी त्यांच्या नावावर टाकले.) आणि तिसरे अलाबामाचे जॉर्ज वॉलेस, गोऱ्या-काळ्यांनी वेगळंच राहावं म्हणणारे. त्यांनी जोडीला घेतलेले जनरल कर्टिस लीमे पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगून बसले की अण्वस्त्रांचा लोकांनी उगाच बाऊ केलाय. आता तुम्हीच सांगा, युद्ध नको असलेल्या माणसाने शिक्का कुठे मारायचा?

५ नोव्हेंबरला निक्सनना ४३.४ टक्के, हम्फ्रींना ४२.७, वॉलेसना साडेतेराच्या आसपास. राज्यागणिक मोजली जाणारी आणि राष्ट्राध्यक्ष ठरवणारी इलेक्टोरल मतं ३०१, १९१ आणि ४६. आणि युद्ध? पॅरिसचा करार जानेवारी १९७३मध्ये झाला. निक्सन आल्यानंतर तोवर आणखी वीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट.

युद्ध चालू असताना निवडणूक म्हणजे चैन. सरळ पुढे ढकलावी. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात ढकललीच होती ना?
– माध्यमिक शिक्षक, साखळी

ढकलली होती. १९३५नंतर तिथली सार्वत्रिक निवडणूक थेट १९४५ साली झाली. आपल्याकडेही आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली आणि १९७६ची निवडणूक १९७७वर गेली. ती कोणाच्या सोयीची होती ते तुम्ही वर्गात शिकवत असालच.

अमेरिकेत हे जमत नाही, कारण राष्ट्राध्यक्षाची मुदत राज्यघटनेनेच बांधलेली आहे. चार वर्षं संपली की संपली. आणि मतदानाचा दिवस १८४५च्या कायद्याने ठरलेला: नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. व्हिएतनाम तरी दूर होतं. १८६४ साली तर युद्ध घरातच होतं. दक्षिणेची राज्यं फुटलेली, लाखो माणसं मेलेली, आदल्या वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीवरून न्यूयॉर्कमध्ये चार दिवस दंगल. त्या भरतीतून ३०० डॉलर भरून सुटता यायचं. गरिबाने एवढे डॉलर आणायचे कुठून? ती चीड मग त्या शहरातल्या काळ्या माणसांवर निघाली. त्यांना दिव्याच्या खांबांना फासावर लटकवलं, अनाथ मुलांचा आश्रम जाळला.

१८६४च्या ऑगस्टमध्ये लिंकनची खात्री झाली होती की आपण हरणार. २३ तारखेला त्याने एका कागदावर लिहिलं की हे सरकार पुन्हा निवडून येणं कठीण दिसतं, तेव्हा नव्या अध्यक्षाशी सहकार्य करून निवडणूक ते शपथविधी एवढ्या वेळात देश वाचवावा लागेल, कारण ज्या मुद्द्यांवर तो निवडून येईल त्यांमुळे नंतर त्याला ते जमणार नाही. कागदाची घडी घातली आणि मंत्र्यांकडून न वाचताच पाठीवर सह्या घेतल्या. हरणारा माणूस निवडणूक रद्द करण्याचा विचार करतो. हा हरल्यानंतर काय करायचं ते लिहून ठेवत होता. एरवी तो काही साधुपुरुष नव्हता. बिनचौकशी अटका त्याच्या काळात भरपूर झाल्या, आणि युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या क्लेमेंट व्हॅलंडिगहॅम या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, माजी सदस्याला त्याच्या सरकारने सरळ शत्रूच्या हद्दीत नेऊन सोडलं. ज्यांना लिंकन फार आवडतो त्यांनी हे वाचून घ्यावं.

विरोधी डेमोक्रॅट्सचं अधिवेशनही गंमत म्हणजे शिकागोतच झालं. त्यांनी जाहीरनाम्यात युद्ध थांबवा म्हटलं आणि उमेदवार दिला जॉर्ज मॅक्लेलन, म्हणजे सेनापती! त्याने आठवडाभरात तो जाहीरनामा झटकून टाकला. म्हणजे १८६४मध्येही युद्धविरोधकाची पंचाईत तीच. दरम्यान २ सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा शहर पडलं आणि वारं फिरलं. ८ नोव्हेंबरला लिंकनला इलेक्टोरल मतं २१२, मॅक्लेलनला २१. दोन दिवसांनी अभिनंदनाला जमलेल्या लोकांना तो म्हणाला, त्याचा मथितार्थ असा: बंडामुळे आपण निवडणूक सोडली किंवा पुढे ढकलली असती, तर बंडखोर जिंकलेच असं त्यांना म्हणता आलं असतं. तुमच्या ‘चैन’ या शब्दाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

जे लढत होते त्यांना मत होतं का? मी सैन्यात असताना आम्ही टपालाने मत पाठवायचो, म्हणून विचारतो.
– माजी सैनिक, काणकोण

१८६४मध्ये उत्तरेच्या १९ राज्यांनी सैनिकांना छावणीतून मतदानाची मुभा दिली होती. मॅक्लेलन हा जवानांचा एकेकाळचा लाडका सेनापती, तरी दर दहांतल्या सात-आठ जवानांनी मत लिंकनला दिलं. मधेच सोडलं तर मेलेले फुकट गेले, असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त समजू शकाल.

१९६८ची गोष्ट वाईट आहे. भरती अठराव्या वर्षापासून आणि मत एकविसाव्या वर्षी, चार राज्यं सोडली तर. जंगलात पाठवलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला पाठवणाऱ्याविषयी मत देता येत नव्हतं. ते वय अठरावर आलं १९७१च्या जुलैत, घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने. आपल्याकडे अठरा व्हायला १९८९ उजाडलं, हेही जाता जाता.

मॅडम, निक्सनने निवडणूक जिंकायला शांतता बोलणी मोडली असं एका व्हिडिओत बघितलं. खरं की फेकाफेकी?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव

बऱ्याच अंशी खरं आहे बाळ, पण व्हिडिओवाल्यांनी सांगितलं तेवढं सोपं नाही.

३१ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाला पाच दिवस असताना, जॉन्सननी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली आणि पॅरिसमध्ये दक्षिण व्हिएतनामसह बोलणी होतील असं सांगितलं. हम्फ्रींचा आकडा वर सरकला. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांनी आम्ही येत नाही म्हणून जाहीर केलं. निक्सनच्या गोटातून ॲना शेनॉल्ट नावाच्या बाई त्यांच्या राजदूताला सांगत होत्या की दम धरा, आमच्या राज्यात तुम्हाला बरं मिळेल. जॉन्सनना हे चोरून ऐकलेल्या संभाषणांवरून कळलं होतं. रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते डर्कसन यांच्याशी फोनवर बोलताना त्यांनी ‘देशद्रोह’ हा शब्द वापरला. ती ध्वनिफीत आज कोणीही ऐकू शकतं. निक्सननी कानांवर हात ठेवले. पण त्यांचे सहायक हाल्डमन यांची ऑक्टोबरमधली टिपणं २०१७च्या सुमारास लोकांसमोर आली. त्यांत बोलण्यांना खीळ घालण्याची सूचना निक्सनच्या तोंडची आहे.

त्यामुळे शांतता हुकली का, तर तसं म्हणवत नाही. थ्यूंना स्वतःलाच ती बोलणी नको होती, त्यांना शेनॉल्टबाईंनी पढवायची गरज कमीच. मला जास्त खुपतं ते दुसरं. जॉन्सननाही माहीत होतं, हम्फ्रींनाही कळलं होतं, आणि दोघेही मतदानापर्यंत गप्प राहिले. चोरून ऐकलं हे उघड होईल ही भीती होतीच. म्हणजे मतदार सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

अमेरिका पुरे झाली. गोव्यात त्याच सुमारास एवढं मोठं रण माजलं होतं, त्याविषयी कधी लिहिणार?
– गृहिणी, शिरोडा

लिहिते की! खरं तर मूळ वाक्य मी लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात आपला जनमत कौलच होता.

१६ जानेवारी १९६७. प्रश्न एकच: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. आमच्या घरात वडील फुलाचे, मामा दोन पानांचे. आणि दोघेही भांडायचे मराठीतून! विलीनीकरणाविरुद्ध बोलणारं ‘राष्ट्रमत’ दैनिकही मराठीच होतं, आणि मामा ते मुद्दाम आमच्या सोप्यावर मोठ्याने वाचायचे. त्या वर्षी चवथीला मामा आमच्याकडे आले नाहीत, आईने त्यांच्या वाटच्या नेवऱ्या शेजारच्या मुलाबरोबर पाठवल्या. मला मत नव्हतं, एकवीस पुरी व्हायची होती. मी वडिलांच्या बाजूची होते, आणि आज लपवायचं कारण नाही.

दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पण मार्चच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारी मगोच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) पुन्हा निवडून आली, भाऊसाहेबच पुन्हा मुख्यमंत्री! विलीनीकरण नको म्हणणाऱ्या गोव्याने कूळ-मुंडकारांच्या, शाळांच्या प्रश्नावर त्यांनाच पसंती दिली. दोन प्रश्न वेगळे विचारले म्हणून दोन उत्तरं वेगळी देता आली. शिकागोच्या वर्षी अमेरिकेत युद्ध, काळ्यांचे हक्क, दंगली, पोरांचे वाढलेले केस, सगळं एका नावाखाली बांधून लोकांसमोर ठेवलं होतं.

युद्धावरही असाच कौल घ्यावा का? माझं मत नाही असं आहे. १९३८च्या जानेवारीत अमेरिकन काँग्रेससमोर असा प्रस्ताव आला होता: देशावर हल्ला झालेला नसेल तर जनतेला विचारल्याशिवाय युद्ध पुकारायचं नाही. इंडियानाच्या लुईस लडलो यांचा. तो चर्चेला घ्यायचा की नाही यावरच १८८ विरुद्ध २०९ असा पडला. पडला ते बरंच झालं. हिटलर मतमोजणीपर्यंत थांबला नसता. पण निदान पक्षाने उमेदवार देताना तरी लोकांना विचारावं, एवढं डेमोक्रॅट्सना शिकागोतला मार खाल्ल्यावर कळलं. त्यांनी नियम बदलले, आणि आज आपण बातम्यांत पाहतो ती महिनोन्‌महिने चालणारी प्रायमऱ्यांची जत्रा त्यातूनच वाढली.

१९६१ साली सुरक्षा परिषदेत गोव्यावरून भारताला दमात घेणारा अमेरिकेचा प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन तोच का, जो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोनदा पडला होता?
– स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव, पेडणे

तोच. १९५२ आणि १९५६, दोन्ही वेळा आयझेनहॉवरकडून. त्यातली १९५२ची निवडणूकही युद्धातलीच, कोरियाच्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत हरले आणि त्याच मार्चअखेर बाजूला झाले. जॉन्सन यांच्या आधी सोळा वर्षं, जवळजवळ त्याच तारखेला. स्टीव्हन्सन बोलायचा सुंदर. पण आयझेनहॉवर मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी एवढंच म्हणाला की मी कोरियाला जाईन. जाऊन काय करीन ते त्यानेही सांगितलं नव्हतं. डिसेंबरात तो गेला, आणि १९५३च्या जुलैत तिथला युद्धविराम झाला. स्टीव्हन्सनच्या गोव्यावरच्या भाषणाबद्दल तुमच्या वडिलांचे जे शब्द तुम्ही पत्रात दिले आहेत, ते मासिकात छापता येणार नाहीत.

उरलेली पत्रं पुढच्या अंकात.